दोरी माझ्याकडे

"इथे टँकरच्या पाण्यावर दिवस काढतोय, आणि हा बाबा ते आभाळात उडवतोय!" आई माझ्या कानाशी पुटपुटली. मिरा रोडच्या आमच्या गच्चीवर आम्ही चादरी वाळत घालत होतो, आणि त्यातल्या एकीवर नुकताच फवारा बसला होता.

हा बाबा म्हणजे तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारा जीवन. लातूरकडचा, शाळेत विज्ञान शिकवायचा. प्रदर्शनासाठी पाण्याचं रॉकेट उडवायला स्टँड बनवत होता. कोल्ड्रिंकची बाटली, थोडं पाणी, तोंडाला रबरी बूच, बुचात सायकलचा व्हॉल्व्ह. पंपाने हवा भरायची, दोरी ओढून खटका काढायचा, की बाटली वर. त्याची नुसतीच गळत होती.

"सॉरी हं… चादर मी धुऊन देतो."

"कशानं? पाणी तर तुम्ही उडवलंत!" मी म्हणाले.

तो हसला. बुचाला ट्यूबची पट्टी गुंडाळत म्हणाला, "मग दोरी तरी ओढा. पंप मारताना माझा हात पुरत नाही."

ओढली. बाटली थेट मिठागरांकडे गेली… माझं काय झालं, ते त्या बाटलीला विचारा.

त्यानंतर दोरी रोज माझ्याकडे. घरात कळलं. आई म्हणाली, पाणी वाया घालवतो. त्याने स्टँडखाली परात ठेवली. बाबा म्हणाले, नोकरी कच्ची. वर्षभरात तो कायम झाला. आई म्हणाली, भाड्याची खोली. त्याने हाटकेशला घर घेतलं.

"गळती सापडली की काम झालं," तो म्हणायचा. मला ती केव्हाच सापडली होती. त्यालाही असणार… पण तिथे बोट कुणी ठेवायचं?

शेवटी तो रीतसर मागणी घालायला आला. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढे. आईने चहा दिला. बाबा पेपरात.

"अंबिका लहान आहे अजून," पेपर म्हणाला. मी सव्वीस वर्षांची.

"आणि पत्रिका…" आई.

"आमच्यात बघत नाहीत, काकू. पण तुमच्यासाठी करून आणतो की."

"बघू."

"कधी येऊ?"

बाबांनी पेपरचं पान उलटलं. पेढे तसेच. तो माझ्याकडे बघत होता — आता आणखी काय दुरुस्त करायचं, असं. ती नजर मला सोसेना.

"पत्रिका आणू नकोस, जीवन," घरच्यांसमोर पहिल्यांदाच मी त्याला एकेरी हाक मारली. "तू बौद्ध आहेस, म्हणून नको आहेस त्यांना. दुसरं कारण कधी नव्हतंच."