तांड्याच्या मशीनची दारं

रामधनच्या धाकट्या भावाचं, सोमलाचं, उन्हाळ्यात लग्न झालं आणि दिवाळी उरकताच नवी नवरी घेऊन तो ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघून गेला, ते साल दोन हजार बावीस. त्याच्या मागोमाग आणखी सदतीस घरांतली तरणी माणसं गेली, कितीक घरांना कुलपं लागली. मानोऱ्याजवळच्या त्या तांड्यात उरली ती म्हातारी माणसं, गुडघ्यानं अधू झालेला रामधन, त्याची बायको बेबीबाई, आणि त्यांची तेवीस वर्षांची लेक अंजू.

अंजू वाशीमला राहून कॉम्प्युटर शिकून आली होती. तांड्याच्या समाजमंदिरात देणगीतून आलेलं एक जुनं मशीन पडून होतं, त्याचा तिनं सर्व्हर केला. हिंदीतले व्हिडिओ पाहत, अडखळत, पण केला. त्याला कारण होतं. आदल्या वर्षी एक म्हातारा दोन दिवस खाटेवर तापानं पडून राहिला आणि कुणाला कळलं नाही. हा म्हणाला, त्यानं पाहिलं असेल. तो म्हणाला, ह्यानं. तेव्हापासून अंजू रोज सकाळी सगळ्या म्हाताऱ्यांकडे फिरायची आणि आल्यावर मशीनमध्ये लिहायची. कोण कसं आहे, कोणी गोळी घेतली, कोणत्या घराला कुलूप, किल्ली कोणाकडे. उसाच्या फडावरची लेकरं आपल्या मोबाइलवर ते पान उघडत आणि आई बरी आहे एवढं वाचून पुन्हा कोयता हातात घेत.

मार्गशीर्षातली थंडी होती. सकाळी गवतावरचं दव पावलांना लागत होतं. अंजू समाजमंदिराकडे निघाली, तर वाटेतल्या खांबावर एक माणूस चढलेला. इंटरनेटची तार तुटली होती, ती जोडायला आलेला. एका हातानं खांब धरलेला, दुसऱ्या हातात मोबाइल. ती खालून जाऊ लागली, तसा तो वरूनच बोलला.

"हिरीबाई तुमची कोण लागते?"

अंजूनं मान वर केली. उन्हामुळं त्याचा चेहरा नीट दिसेना. "तुमाले काय करायचं?"

"मंगळवारपासून तिनं साखरेची गोळी घेतली नाही म्हणून म्हटलं."

तांड्यातल्या म्हाताऱ्या हिरीबाईची ही गोष्ट अंजूनं कालच स्वतःच्या हातानं लिहिली होती. "हे तुमाले कोणं सांगितलं?"

"तुमच्याच मशीननं. मी लाइन तपासून राह्यलो, लाइनीचा पत्ता टाकला, तं हे सगळं मोबाइलात आलं. मले आलं म्हणजे कोणालेही येईल."

"मंग वाचलं काहून?"

"दार उघडं होतं…"

"उघडं दिसलं की घुसायचं का कोणाच्या घरात?"

"घुसलो कुठं? उंबऱ्यावरूनच तं आवाज देऊन राह्यलो."

तो खाली उतरला. पंचवीस-सव्वीसचा असेल. केसांत तारेच्या वेष्टणाची काळी धूळ, आणि हसू मात्र असं, की त्याच्यावर रागावलेलं माणूस थोडं चुकल्यासारखं वाटावं. नाव भागवत, केनवडच्या शेतकऱ्याचा मुलगा, कामासाठी मानोऱ्यात खोली करून राहिलेला. त्यानं समजावून सांगितलं की मशीनला हजारो दारं असतात, प्रत्येकाला नंबर असतो, त्यांना पोर्ट म्हणतात, आणि तिच्या मशीनची तीन दारं साऱ्या जगाला उघडी आहेत. अंजूनं ताठ मानेनं उत्तर दिलं की दूर गेलेल्यांनी पाहावं म्हणूनच ती उघडी ठेवली आहेत. तांड्यात घरात माणूस असलं की दार दिवसा लावत नाहीत. लावलं तर शेजारी विचारत येतात. एवढं बोलून ती निघून गेली. पण वळणावर तिनं मागं पाहिलं. तो अजून तिथंच उभा होता, आणि तिनं पाहिलं हे त्यानंही पाहिलं.

तीन दिवसांनी भर दुपारी मोटारसायकलवर एक अनोळखी माणूस तांड्यात आला. विचारपूस न करता सरळ हिरीबाईच्या दाराशी. कुलूप लावलेल्या अकरा घरांच्या किल्ल्या हिरीबाईच्या खाटेला सुतळीनं बांधलेल्या असत. गावाला जाणारा तिच्याकडे किल्ली देऊन जाई, ही तिथली जुनी रीत. माणूस म्हणाला, तुमच्या अमरसिंगनं पाठवलं, साखरेच्या गोळ्या आणल्या, सोमलाच्या घराची किल्ली द्या, त्याचं एक सामान न्यायचं आहे. लेकाचं नाव बरोबर, गोळीचं नाव बरोबर, फडाचं गावसुद्धा बरोबर. हिरीबाईला डोळ्यांनी कमी दिसे, पण ती म्हणाली, माझा अमरसिंग निरोप धाडत नाही, दुपारच्याला स्वतः फोन करते. थांब, येईलच आता. माणूस थांबला नाही.

संध्याकाळपर्यंत बातमी फडावर पोहोचली. अमरसिंगनं अंजूला फोन केला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं, असं तिला वाटलं. तो इतकंच म्हणाला, की माझ्या मायच्या खाटेशी काय बांधलं आहे ते तू साऱ्या मुलखाले दाखवलं. तिचं नाव काढून टाक. रामधनही म्हणाला, वायर उपटून मशीन बंद कर. लोक आपल्या भरवशावर घरं टाकून गेले आहेत.

अंजू त्या रात्री जेवली नाही. पण सकाळी उठली ती ठरवूनच. मशीन बंद केलं तर पुन्हा कोणी म्हातारा दोन दिवस पडून राहील. बंद करायचं नाही, दारं लावायची. तिनं बापाकडे चार दिवस मागितले. चार दिवसांत जमलं नाही तर मी माझ्या हातानं वायर काढीन, म्हणाली. रामधननं तिच्याकडे पाहिलं आणि हो म्हटलं.

तिनं इंटरनेटच्या ऑफिसातून नंबर घेऊन भागवतला फोन केला. तो लगेच आला. पाच मिनिटांचं काम आहे, मी करून देतो, म्हणाला.

"तुमी हात लावायचा नाही," अंजू म्हणाली. "तुमी सांगा, मी करीन. उद्या तुमी नसले तं?"

"उद्या कुठं जाणार आहे मी?"

"कोणाले माहीत."

"मले माहीत आहे ना," तो म्हणाला, आणि मग लॅपटॉपची बॅग उघडायला त्याला उगाच फार वेळ लागला.

आता अडचण अशी, की मशीन समाजमंदिराच्या खोलीत आणि खोलीला एकच दार. तरण्या मुलीनं परक्या पोराबरोबर तिथं बसायचं, हे रामधनला चालणार नव्हतं. त्यानं खाट अंगणात टाकली, दोघांना समोर बसवलं आणि म्हणाला, काय करायचं ते इथं बसून करा. मग भागवतच्या लॅपटॉपवरून, त्याच्या मोबाइलच्या इंटरनेटनं, दुरूनच मशीनमध्ये शिरायचं ठरलं. दोघांच्या मध्ये एक पाट आणि पाटावर लॅपटॉप. अंजूची बोटं थंडीनं गारठली होती. भागवत सांगायचा, ती लिहायची, आणि मधेच दोघांची नजर एकाच अक्षरावर पडून थबकायची…

त्यानं दाखवलं, की पत्त्याच्या जागी चार शून्यं आहेत. म्हणजे कोणीही हाक मारली तरी मशीन ओ देतं. तिथं एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, एक लिहायचं. मग मशीन फक्त स्वतःचंच ऐकतं. पहिलं दार नोंदींच्या पानाचं. लागलं. दुसरं, जिथं नोंदी साठवलेल्या असतात, त्याचं. तेही लागलं. अंजूला हुरूप आला. तिनं पुढचं न विचारता तिसरंही लावून टाकलं.

पडदा जिथल्या तिथं थिजला. कोणतंही बटण दाबलं तरी काही हलेना.

भागवत हळूच म्हणाला, "त्याच दारातून आपण आत गेलो होतो."

तिला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला, पण हसू काही थांबेना. तोही हसू लागला. खाटेवरून रामधननं विचारलं, काय झालं. दोघंही स्वतःच बाहेर अडकले होते, आणि त्याला कारण बापाचं अंगण होतं, हे सांगायची हिंमत कोणाची होईना. शेवटी बेबीबाई उठली. तुरीची डाळ पाखडायचं सूप काखेत मारलं आणि म्हणाली, चला, मी बसते दारात.

मग त्या एका दाराच्या खोलीत, उंबऱ्यावर पाखडणाऱ्या आईच्या पाठीमागं, मशीनच्याच कळफलकावर काम पुरं झालं. अंजूनं प्रत्येक ओळ तीनदा वाचली. वर आणखी एक पहारा बसवला, की खोलीतल्या जोडणीशिवाय कोणाचं काही आत येऊ नये. भागवत मोटारसायकल घेऊन मानोऱ्याच्या रस्त्याला गेला आणि तिथून फोन केला.

"तिन्ही दारं वाजवली. कोणीच ओ दिली नाही."

"मी आत बसून ऐकून राह्यली," ती म्हणाली.

"अन् उघडलं नाही?"

"नाही."

"चांगलं केलं," तो म्हणाला. "पण मी उद्याही वाजवून पाहीन. भरवसा नसते."

तो उद्याही आला, परवाही आला. दारं लागलेली आहेत का पाहायला. कधी हँडलला हरभऱ्याच्या घाट्यांची जुडी अडकवलेली असे. बेबीबाई ती घेई आणि काही बोलत नसे.

मात्र दारं लागल्यावर फडावर काहूर उठलं. कोणालाच आईबापाची खबर दिसेना. अंजूनं त्यालाही उपाय ठरवला: दुपारी ऊसतोडवाले भाकरी खायला बसतात, त्या तासात ती एकेकाला फोन करून सांगेल. अडतीस घरं होती. पहिल्याच दिवशी घसा बसला. भागवत म्हणाला, अर्धी मले द्या. तिनं अट घातली: यादी मोबाइलात घ्यायची नाही, खोलीत बसून पडद्यावर वाचायची आणि तिथूनच बोलायचं. त्यानं मान डोलावली. दुपारची सुट्टी तो तिथंच घालवू लागला. अमरसिंगचं घर त्याच्या वाट्याला आलं. हिरीबाईचं नाव अंजूनं काढून टाकलं होतं. तरी तो रोज म्हातारीला स्वतः पाहून येई आणि तिच्या लेकाला सांगे, की गोळी माझ्यासमोर घेतली. अमरसिंग पहिले आठ दिवस नुसतं हूं म्हणाला. नवव्या दिवशी त्यानं विचारलं, मायनं जेवण काय केलं.

पौष संपता संपता सोमलाचा अंजूला फोन आला. म्हणाला, त्या पोराचा मोबाइल बदलायला सांग. सगळं नीट ऐकू येते, पण मी विचारलं की तू आमच्या अंजूचा कोण, की तेवढ्यात त्याचा आवाज जाते. तीनदा झालं.

अंजूनं फोन ठेवला. पलीकडच्या खुर्चीत भागवत पडद्याकडे असा टक लावून पाहत होता, जणू तिथं फार मोठं काही लिहिलं आहे.

"काका काय म्हणून राह्यले ऐकलं?"

"ऐकलं."

"मंग आवाज काहून जाते तुमचा?"

"काय सांगू त्याइले…" तो कानापर्यंत लाल झाला होता. "तुमीच सांगा."

उंबऱ्यावरचं सूप थांबलं. बेबीबाईनं मागं वळून पाहिलं नाही.

"मी काहून सांगू?" अंजू म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला, पण अडखळला नाही. "तुले वाटते ते सांग."

तिनं पहिल्यांदाच त्याला तू म्हटलं होतं.

"मले वाटते ते सांगितलं तं तुझा बाप मले खांबावर चढवीन अन् शिडी काढून घेईन."

"शिडी मी धरीन. तू सांग तं खरं."

त्यानं मग सांगितलं. मोठं काही नाही, दोनच वाक्यं, आणि तीही तिच्याकडे न पाहता. तिनं ती ऐकली आणि पुढच्या घराचा नंबर लावला, कारण भाकरीची वेळ संपत आली होती. पण त्या दिवशी तिनं फोनवर ज्या ज्या म्हाताऱ्याची खबर दिली, त्या प्रत्येकाची तब्येत लेकरांना जरा जास्तच चांगली वाटली.

बापाशी ती स्वतः बोलली. पोरगा चांगला आहे, रामधन म्हणाला, पण आपल्यातला नाही; तांडा काय म्हणेल. अंजू म्हणाली, "बा, तुमी नाही म्हटलं तं मी पळून जाणार नाही. पण दुसऱ्या कोणाले हो म्हणणार नाही." रामधननं सांगितलं, टोळ्या परत येऊ दे, मग बसून बोलू.

फाल्गुनात हिरीबाई अन्न टाकू लागली. तिसऱ्या दिवशी भागवतनं अमरसिंगपासून काहीही लपवून ठेवलं नाही. आज निघा, एवढंच म्हणाला. अमरसिंग त्याच संध्याकाळी कोयता फडात ठेवून निघाला. त्यानं मायला वाशीमच्या दवाखान्यात नेलं, घरी आणलं, आणि लेकाच्या हातानं ती पुन्हा दोन घास खाऊ लागली.

चैत्रात टोळ्या परतल्या. समाजमंदिरासमोर तांडा बसला. बोलणं उलटसुलट झालं. जातीवरून दोघं-तिघं उठूनही गेले. मग अमरसिंग उभा राहिला. आधी अंजूला म्हणाला, की मायचं नाव मशीनमध्ये परत लिही, मीच काढायला लावलं होतं. मग भागवतकडे हात करून म्हणाला, "हा माणूस तीन महिने माझ्या मायले पाहत होता, अन् खरं तेच सांगत होता. तुमी काहीही म्हणा, मी ह्याले तांड्याचा पाव्हणा म्हणतो, जावई." ते ऐकून रामधननं केनवडला निरोप धाडला. तिकडचे लोकही आधी रुसले, मग आले.

लग्न मे महिन्यात झालं. हिरीबाईनं लग्नात घ्यायच्या नव्या लुगड्याची आठवण दोनदा करून दिली होती, पण तिला लग्न पाहता आलं नाही. त्याआधीच, मंगळवार, अठरा एप्रिल दोन हजार तेवीसला दुपारी हिरीबाई आपल्या घरी वारली. अमरसिंग तिच्याजवळ होता.