राखून ठेवलेली उडी

पांढुर्ण्याच्या दत्तात्रय गुरुजींना फोनवरून साधा फोटो पाठवता येत नव्हता, पण बुद्धिबळाचं सॉफ्टवेअर त्यांनी शिकून घेतलं, आणि तेही एकाच डावासाठी.

त्यांच्या पत्नी नलिनीबाई वारल्या तेव्हा दोघांचा डाव अर्धा राहिला होता. "उद्या मात देतो तुम्हाले," म्हणून त्या उठल्या, आणि तो उद्याचा दिवस काही उजाडला नाही. पट खिडकीजवळ फडक्याखाली तसाच होता. गुरुजी रडले नव्हते. जेवत होते, पेपर वाचत होते. आत सगळं बधिर होतं. मुलगी तेजस्विनी त्यांना नागपूरला न्यायला आली, तर डाव संपल्याशिवाय हलायची त्यांची तयारी नव्हती.

शेवटी तिनंच लॅपटॉप पुढ्यात ठेवला. "बाबा, मोहरी इथं अशी मांडा. आईच्या बाजूनं हे खेळते."

गुरुजींनी पट पाहून एकेक मोहरं पडद्यावर मांडलं आणि पट फडक्यानं पुन्हा नीट झाकला. थोड्याच चालींत नलिनीबाईंचा काळा राजा कोपऱ्यात अडकला. पुढच्या चालीला मात ठरलेली.

राजानं घोड्यासारखी अडीच घरं उडी घेतली.

ही नलिनीबाईंच्या माहेरची, सौसरची रीत. शह बसलेला नसेल तर राजाला एकदाच घोड्याची चाल. त्यांनी ती राखून ठेवली होती, हे फक्त गुरुजींना ठाऊक होतं.

"तू काही बदल केला का यात?"

"राजा असा जातच नाही बाबा. तुम्ही काही दाबलं असन." तेजस्विनीनं पांढरा राजा तसा ओढून पाहिला. तो मुकाट्यानं जागेवर परत आला.

गुरुजी खेळत राहिले. भीती वाटायला हवी होती, ती वाटली नाही. काळा वजीर थांबून थांबून पुढे येत होता. नलिनीबाईही असाच वेळ घ्यायच्या. बोटं दुधात बुडवून फुलवाती वळत विचार करायच्या. मात दिली की त्यातलीच एक वात हरलेल्या राजाच्या डोक्यावर ठेवून हसायच्या.

गुरुजींवर मात झाली.

"संपला ना डाव? पट मी बांधतो," तेजस्विनी म्हणाली.

"राहू दे. मी करतो."

त्यांनी फडकं उचललं. मोहरी जिथल्या तिथे होती.

पांढऱ्या राजाच्या डोक्यावर फुलवात होती. त्यांनी बोट लावलं. ती अजून ओली होती.