पाटीवरची चौथी ओळ

जुन्या पितळी पाट्या साफ करणं हे माझं काम. रसायनशास्त्र शिकून शेवटी भांडीच घासतेस, असं आई म्हणते. पद्धत ठरलेली आहे: आधी पाटीवर पातळ कागद धरून पेन्सिलीनं ठसा घ्यायचा, मग मळ काढायचा, धातूचं तापमान मोजायचं आणि शेवटी मेणाचा हात द्यायचा.

ही पाटी एका दिवंगत मंत्र्यांच्या घराच्या दाराशेजारी होती. तीन ओळी. त्यांचं नाव, जन्ममृत्यूच्या तारखा, आणि ‘या घरात राहत होते’. आत त्यांची मुलगी एकटीच राहायची. वय एक्याऐंशी. सगळी गल्ली त्यांना ताई म्हणायची.

“घासा, शास्त्रज्ञ बाई,” ताई दारातून म्हणाल्या. “बाबांना चकचकीत करा. मी शुक्रवारी चालले धाकट्या बहिणीकडे. कायमची. ते असते तर उंबरा ओलांडू दिला नसता. लग्नाच्या वेळी तरी कुठे दिला?”

त्या हसल्या. मागे एकच पेटी भरून ठेवलेली होती.

मी ठसा घेतला. कागदावर चार ओळी उमटल्या. चौथीत ताईंचं नाव, जन्मतारीख, एक आडवी रेघ आणि येत्या शुक्रवारची तारीख.

तीनदा घेतला. तीनदा तेच. बोटाला तिथं काही लागत नव्हतं, भिंगातूनही दिसत नव्हतं.

ताईंना काही बोलले नाही. रेघेपुढची जागा बारीक पॉलिश पेपरनं पाऊण तास घासली. पुन्हा ठसा घेतला. रेघेपुढे कोरं. तापमान एकोणीस अंश. वहीत नोंद केली, मेण लावलं आणि स्वतःवर खूश होऊन घरी गेले.

शुक्रवारी ताई उंबऱ्यावर कोसळल्या. पेटी बाहेर, त्या आत.

डॉक्टरांनी नाडी पाहिली. छातीला स्टेथोस्कोप लावला. मग दुसरा मागवला.

“ठोके नाहीत, नाडीही लागत नाही,” ते म्हणाले.

“तुम्हाला नसेल लागत,” ताई कण्हत म्हणाल्या. “दुखतंय किती, ते बघा आधी.”

याला दोन वर्षं झाली. डॉक्टर येत नाहीत. बहीण एकदाच आली. ताईंच्या पाठीला जखमा आहेत. भरत नाहीत, चिघळतही नाहीत. झोप लागत नाही, घास उतरत नाही. मी रविवारी दुपारी जाते. ठशाचं सगळं मी सांगून टाकलं आहे.

“परत कोर ना गं,” त्या म्हणतात. “कुठलीही तारीख चालेल. आजची कोर.”

मी कोरते. छिन्नीची धार वळते. पितळेवर ओरखडासुद्धा उठत नाही.

काल सवयीनं तापमान घेतलं. भिंत एकोणीस. ताईंचा हात एकोणीस.

पाटी सदतीस.

मी तळहात पाटीवर टेकवला आणि घड्याळ लावून मोजलं.

मिनिटाला बहात्तर.