रेष आधी

विमा कंपनीच्या मुख्य कचेरीत साहेबांच्या नावाचं काचेचं कपाट मांडायचं ठरलं आणि त्यांचे कागद निवडायचं काम लेकीच्या गळ्यात पडलं. साहेब जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांचं टेकडीवरचं घर विकून मोकळं व्हावं, असं जावईबापूंचं मत. पण लेकीने हट्टाने ते राखलं आणि महिन्यापूर्वी तिघं तिथे राहायलाही आली. आजोबांची खोली नातीने, चिऊने, पहिल्याच दिवशी पटकावली. कागदांची खोकी त्याच खोलीतल्या थोरल्या कपाटात होती.

"माणूस गेला की त्याचे कागद बोलतात म्हणे," नवरा म्हणाला. "तुझ्या बाबांचे कागद मात्र हप्ता मागतील."

कागद साहेबांसारखेच शिस्तीचे निघाले. नुकसान तपासणारा साधा सर्वेक्षक म्हणून नेमणुकीचं पत्र, बदल्यांचे हुकूम, मग बढत्या, थेट कंपनीच्या सर्वोच्च खुर्चीपर्यंत. भाषणांच्या मसुद्यांत साहेबांनी स्वतःचेच विनोद खोडून टाकले होते. बाकी सगळे पुराचे फोटो. प्रत्येक फोटोत, कोणाच्या तरी चिखलाने माखलेल्या भिंतीवर, पेन्सिलीची एक आडवी रेष होती.

पाणी कुठवर चढलं होतं, त्याची ती रेष. साहेबांचा दंडकच होता: रेष आधी, सांत्वन नंतर. माणसं रडता रडता भिंती पुसायला घेतात आणि एकदा चिखल पुसला गेला की पाणी किती होतं ते कोणालाच धड सांगता येत नाही. प्रकरण निकाली निघालं की साहेब पुन्हा त्या घरी जात आणि रेषेच्या टोकाला बरोबरची खूण करत. साहेबपद मिळालं तरी ही सवय सुटली नाही. एवढे पूर पाहिले म्हणून घर बांधलं ते टेकडीवर. "नदीला माझ्याकडे यायचं तर आधी दम लागेल," असं म्हणायचे.

खोकी काढून झाल्यावर केर काढायला तिने कपाट सरकवलं. मागच्या भिंतीवर, तिच्या छातीच्या उंचीला, पेन्सिलीची आडवी रेष होती.

बाबांनी कधीतरी हात चालवून पाहिला असेल, असं तिला वाटलं. खोडरबराने ती जाईना. मग तिने चिऊचा पलंग ओढला. त्याच्या मागेही रेष. बैठकीतल्या मांडणीच्या मागेही. मोकळ्या भिंतीवर काही नाही, वस्तू हलवली की रेष. बैठक एका पायरीने खाली होती आणि तिथली रेष जमिनीपासून तेवढीच जास्त उंच होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची. पारदर्शक नळीत पाणी भरून तिने सगळ्या रेषा एकमेकींशी ताडून पाहिल्या. साऱ्या एका पातळीत होत्या. खूण मात्र एकीपुढेही नव्हती.

तिने अण्णांना बोलावलं. अण्णा म्हणजे साहेबांबरोबर पूर तुडवत हिंडलेले जुने सर्वेक्षक. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून रेषेवरून अंगठा फिरवला. चहा निवत राहिला.

"कोरड्या भिंतीवर पेन्सिल नुसती वर बसते, पोरी. ओल्या भिंतीत रुतते. ही बघ, खाच पडलीय."

"पण इथे कधी पाणी आलंय, अण्णा?"

"तेच म्हणतोय मी." ते भिंतीपासून जरा मागे सरले. "लोक पाया पडायचे, अंदाजाने मारा म्हणायचे. पाणी चढल्याशिवाय साहेबांनी एक रेष मारली नाही."

"मग ही?"

"खूण नाहीये. म्हणजे प्रकरण उघडं आहे." दारात चपला घालताना त्यांनी चिऊकडे पाहिलं. "हिला उंचावर झोपवत जा."

तिला भीती वाटली. शिकलेल्या बाईला वाटू नये अशी. तिने सुताराला बोलावून पलंगाला लांब पाय लावून घेतले, गादी रेषेच्या वर जाईल एवढे. वर चढायला शिडी केली. चिऊ तर हरखूनच गेली.

"करा मायलेकी सर्कस," नवरा म्हणाला. "टेकडीवर पूर आला तर उंदीरही होडी घेऊन येतील."

तीही हसली. आभाळात ढगाचा ठिपकासुद्धा नव्हता.

सकाळी ती चिऊला उठवायला गेली तेव्हा खोलीत गाळाचा वास होता. फरशी कोरडी ठणठणीत. शिडी मात्र रेषेच्या उंचीपर्यंत काळपटली होती. हात लावला तर बोटांना ओला चिखल.

चिऊ गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"आई, आजोबा म्हणाले, पाय खाली सोडू नकोस."

"स्वप्न पडलं असेल, बाळा."

"छातीपर्यंत भिजले होते ते. पेन्सिल भिजू नये म्हणून हात वर धरला होता."

पलंगाखाली काढून ठेवलेल्या चिऊच्या चपलांपैकी एक पुस्तकांच्या फळीवर होती. दुसरी खिडकीच्या कठड्यावर.

तिने पोरीला उचलून उराशी घट्ट धरलं. आजच्या आज हे घर सोडायचं. नवऱ्याला हाक मारायला ती वळली आणि सरकवून ठेवलेल्या कपाटामागची भिंत समोर आली.

रेषेच्या टोकाला बरोबरची खूण होती. बाबांच्याच वळणाची.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रकरण मिटलं होतं. पोर वाचली होती.

"आई," चिऊ तिच्या खांद्यावरून पाहत म्हणाली, "तिकडे पण."

पलंगाच्या मागे, चिऊच्या उशीच्याही वर, नवी रेष होती. तिच्या टोकाला खूण नव्हती.