न दाखवलेलं पत्र

पेनड्राइव्ह दुसऱ्या दिवशीही सापडला नाही.

सालेकशाच्या शाळेत रीता मॅडम नववीला इंग्रजी शिकवायच्या. ‘असं झालं असतं, तर तसं झालं असतं’ ही वाक्यं पोरांच्या गळी उतरावीत म्हणून सिनेमातले प्रसंग दाखवायच्या. पेनड्राइव्हमधला सिनेमा त्यांच्या भावानं कॉलेजात बनवलेला, दुसरीकडं कुठंच नसलेला. काल त्यातली आई गाडीत बसते, लेक फलाटावर राहते, इथवर आले आणि घंटा झाली. सुट्टीनंतर पाहतात तर पेनड्राइव्ह गायब. सुट्टीत वर्गात बसून होती एकटी प्राची.

काही न विचारता मॅडमनी तिचं दप्तर टेबलावर उलटं केलं. पेनड्राइव्ह पडला नाही. पडल्या जुन्या लुगड्याच्या घड्या, पाळीच्या. मागची पोरं फिदीफिदी हसली.

आज प्राची दारातच थांबली. “वही घ्या, मॅडम. उद्यापासून येत नाही मी. मोहाची फुलं वेचाले जातो.”

मॅडमना मान वर करवेना. त्या पोरांनी घरून लिहून आणलेली वाक्यं तपासू लागल्या. एका वहीवर पेन थबकलं.

“आचल, वाच बरं.”

वर्गातली पहिली आचल ऐटीत उठली. “इफ द मदर हॅड ओपन्ड द लेटर, शी वुड हॅव कम बॅक.”

“कोणतं पत्र गं?”

“सिनेमातलं.”

“धर्मेंद्र, तू पाहिलंस पत्र?”

“नाही जी! आपली गाडी तं फलाटावरूनच सुटून राहिली.”

सगळे हसले. आचल सोडून.

“पत्र येतं अगदी शेवटी,” मॅडम म्हणाल्या. “शेवट वर्गात कुणीच पाहिला नाही. ज्याच्याकडं पेनड्राइव्ह, त्यालाच तो माहीत.”

आचलनं कंपासपेटी उघडून पेनड्राइव्ह पुढं केला. “शेवट पाहाचा होता. घंटा झाली तवाच काढून घेतला. सकाळी परत ठेवणारच होतो.”

“मंग काल कायले गप्प बसली?” धर्मेंद्र.

“तिचं दप्तर उलटं केलं ना... भेव वाटलं.”

मॅडमना रागवायला तोंड कुठं होतं? दप्तर आचलनं थोडंच उलटं केलं होतं. त्या फळ्याकडं वळल्या. ‘इफ आय हॅड आस्क्ड प्राची’ एवढं लिहिलं, पुढं खडू चालेना.

“म्हणजे इचारलं नाही,” प्राची दारातून म्हणाली. “तुम्हीच शिकवलं न जी. जे झालं नाही, त्याचं वाक्य.”

“नाही विचारलं. चुकलं माझं, प्राची. सगळ्यांसमोर सांगते. येशील उद्या?”

प्राचीनं फळ्यावरचं अर्धं वाक्य पुन्हा वाचलं.

“मोह वेचून येतो. उशीर होईल.” मग हळूच म्हणाली, “दप्तर नाही आणणार.”