डाव्या दाराचे बोल्ट

नवरात्र सुरू झालं त्या दिवशी मी दिलीपबरोबर दिल्लीत मायापुरीच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात बोल्ट शोधायला गेले होते. दिलीप म्हणजे माझा नवरा. बोल्ट हवे होते ते त्याच्या वडिलांच्या, अण्णांच्या जुन्या मॉरिस गाडीसाठी. आर. के. पुरममध्ये आमच्या क्वार्टरमागे पत्र्याची शेड आहे, तिथे ती उभी असते. काही वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या त्या दिवशी अण्णांनी तिचं डावं दार उतरवून भिंतीशी ठेवलं. सासूबाईंच्या जागेवर दुसरं कुणी बसायला नको म्हणून.

या उन्हाळ्यापासून अण्णांचं अन्न तुटलं. दोन घास खायचे आणि ताट सरकवायचे. डॉक्टर म्हणाले, त्यांचं मन रमेल असं काही करा. मग दिलीपने गाडी हातात घेतली. दसऱ्याला अण्णांना तीत बसवून फिरवून आणायचं. इंजिन चालू झालं, रंगही झाला. दार तेवढं राहिलं, कारण त्याच्या बिजागऱ्यांचे चार बोल्ट सापडत नव्हते.

मायापुरीच्या दुकानदाराने आम्ही नमुन्याला नेलेली बिजागरी बघूनच मान हलवली, त्याच्याकडच्या बोल्टचे आटे तिला जुळत नव्हते. "भाभीजी, इसकी चूड़ी अलग है. दो फेरे जाएगा, फिर अटक जाएगा."

"जोर लावून बसवला तर?" मी विचारलं.

"वेडी आहेस का? आटे जातील बिजागरीचे," दिलीप म्हणाला. "मूळचेच पाहिजेत. अण्णा साधा वायसर हरवत नाहीत गं. ठेवलेत कुठेतरी, सापडतील."

मी बिजागरी पुन्हा पिशवीत टाकली. बोल्ट सापडणार नाहीत, हे मला ठाऊक होतं.

सासूबाई, आमच्या आई, सवाष्ण गेल्या. त्यांची ओटी मीच भरली होती. नारळ, तांदूळ, हळकुंड. तेवढ्यात अण्णा शेडमधून आले आणि काळे, तेलकट चार बोल्ट त्यांनी ओटीत ठेवले. "असू दे. तिच्याकडेच असतात ते," एवढंच म्हणाले. खरंच होतं ते. अण्णा गाडीखाली शिरले की आई पाटावर बसायच्या, खोललेले बोल्ट पदरात घेऊन. अण्णांनी न बघता हात पुढे करायचा आणि आईंनी नेमका हवा तो बोल्ट तळव्यावर ठेवायचा. मी त्यांचा पदर वरून नीट झाकला, कुणाला बोलले नाही. अस्थी वेचायला दिलीप गेला होता. राखेत लोखंड मिळालं असतं तर तो बोलला असता.

खंडेनवमीला दिलीपने सगळे पाने धुऊन पुसून देवघरासमोर पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूची फुलं. "आज हत्याराला हात लावायचा नाही," असं अण्णांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला आणि आपट्याची पानं आणायला बाजारात गेला.

दिवेलागणीला मी अण्णांचा चहा घेऊन मागे निघाले. सप्तपर्णी फुलली होती. या दिवसांत आमच्या सगळ्या कॉलनीत तिचा जड, गोड वास साचून राहतो. पण शेडजवळ आले आणि तो वास एकदम तुटला. तिथे तुपाचा आणि जळत्या लाकडाचा वास होता.

आतून आवाज येत होता. कट्... कट्... पाना फिरवल्याचा.

पाने तर मी आत्ताच घरात पाटावर बघितले होते. फुलांखाली.

अण्णा स्टुलावर बसले होते. भिंतीशी ठेवलेलं दार गाडीला लागलं होतं. बिजागऱ्यांत तीन बोल्ट बसले होते, जाळातून काढल्यासारखे निळसर. अण्णांच्या हातात काहीच नव्हतं. एक तळवा तेवढा उघडा, रिकाम्या सीटकडे पसरलेला.

"अण्णा... चहा."

"ठेव. हा शेवटचाच."

"हे... कुठे मिळाले?"

"हिनं दिले. इतकी वर्षं सांभाळले बघ. तुझ्यासारखी धांदरट नाहीये ती. कालच मीठ दोनदा घातलंस आमटीत." आणि अण्णा हसले. कित्येक महिन्यांनी हसले. मला रडू यायला लागलं.

"दार पुरं लागलं की निघायचं म्हणतेय," ते हळूच म्हणाले. "मी म्हटलं, थांब जरा... वृंदा चहा आणतेय. तेवढा पिऊन येतो."

चौथा बोल्ट सीटवर होता. आट्यांत हळद अडकलेली. मी काही विचार न करता हात घालून तो उचलला. गरम होता, अंगात ताप असलेल्या माणसाच्या हातासारखा.

"अण्णा, आज खंडेनवमी आहे ना. आज हत्यार चालवायचं नसतं."

अण्णा थबकले. मग सीटकडे वळून, समजावत म्हणाले, "बरोबर आहे गं तिचं. रीत आहे ती." त्यांनी थोडा वेळ कान दिला, मान हलवली आणि कप उचलला.

त्या रात्री ते पोटभर जेवले. भात मागून घेतला.

आज दसरा. दिलीपला वाटतंय, अण्णांनी बोल्ट कुठेतरी जपून ठेवले होते आणि त्यांना आता आठवलं. तो खुशीत आहे, गाडीला झेंडूची माळ बांधतोय. अण्णा नवा सदरा घालून ओट्यावर बसलेत. "वृंदा, चौथा बघितलास का गं?" दिलीपने दोनदा विचारलं. मी नाही म्हणाले.

मी देवापुढे समईजवळ बसले आहे. बोल्ट माझ्या उजव्या मुठीत आहे, अजून गरम. आणि मघापासून कुणीतरी माझी मूठ उघडतंय. ओढाताण नाही. लहान मुलाच्या हातातली कात्री काढून घ्यावी तसं, एकेक बोट अलगद.

"आई," मी म्हटलं, "दिवाळीपर्यंत तरी राहू द्या त्यांना..."

बोटं थांबली. हात मात्र सोडला नाही.