सावलीला मानवणारं झाड

तो नर्सरीच्या फाटकातून आत आला तेव्हा धाकटी कोपरापर्यंत चिखलात होती. दादा रोपं पोचवायला गेलेला, म्हणून गिऱ्हाईक तिच्या वाट्याला आलं.

"वाचनालयाच्या मागच्या अंगणात झाड हवंय," तो म्हणाला. बागांचे आराखडे करायचा तो. "ऊन येत नाही, जमीन कायम ओली. तीन झाडं मेली."

"उन्हातली झाडं सावलीत लावली, मग मरतील नाही तर काय?"

तो ओशाळून हसला... आणि त्या हसण्यानंच घात केला.

तिनं त्याला मागे नेलं. इथल्याच रानातल्या ओढ्याकाठचं बी आणून तिनं मोठ्या झाडांखाली रोपं वाढवली होती. बुटकी, रुंद पानांची, पांढऱ्या कळ्यांची.

"ही जन्मभर सावलीतच खूश. वर जायची घाई नाही यांना."

"आणि तुम्हाला?"

"मला कामाची घाई आहे, नकाशेवाले."

एका झाडासाठी तो सात वेळा आला. कधी माती विचारायला, कधी पाणी. "झाड एक, चौकशा शंभर," दादा मिशीत हसायचा. वाचनालयाच्या अंगणात झाड लावून माती दाबताना बोटांना बोटं लागली — हात कुणीच मागे घेतला नाही. मग तो हळूच म्हणाला, "माझ्या आईला भेटशील...?"

त्याची आई गोड होती. नर्सरीत येऊन तिनं धाकटीचा हात हातात घेतला. "मुलगी लाखात एक आहे. फक्त लग्नानंतर ही मातीची कामं पुरे हं. घरी आहेत की दोन-चार कुंड्या."

धाकटीनं त्याच्याकडे पाहिलं. तो वाकून बुटाची लेस बांधत होता.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या ऑफिसात गेली. "नर्सरी मी सोडणार नाही. ते चालणार नसेल तर... आपलं राहू दे."

वाटेत तिनं त्याची सगळी उत्तरं मनात रचली होती. तो चिडेल, समजूत घालेल, आईशी बोलतो म्हणेल.

त्यानं पेन्सिल खाली ठेवली. "तुझी मर्जी," तो म्हणाला. आवाज पडलेला होता, पण चेहऱ्यावर — तिला नीट दिसलं — सुटल्याचा भाव होता.

"काय झालं गं?" दादानं विचारलं.

"मी नाही म्हटलं."

खरंच होतं ते. पण तो एकदा, नुसता एकदा भांडला असता, तर ती कदाचित नर्सरी सोडूनही गेली असती. आणि हे दादाला सांगायची सोय नव्हती.